सालबर्डीचा महादेव आणि सातपुड्याचं भुयार

महाशिवरात्रीच्या सुमारास मोर्शीच्या एसटी स्टँडवर सालबर्डीची गाडी कोणती, हे कोणाला विचारावं लागत नाही. जिच्याभोवती बेलाच्या डहाळ्या, पितळी लोटे आणि शेंदूर फासलेले त्रिशूळ दिसतील, ती सालबर्डीची. माणसं खिडकीतून आधी पिशवी टाकून जागा धरतात आणि मग दारात रेटारेटी करतात. चांदूर बाजारचे असतात, वरूडचे असतात, अकोट-अंजनगावकडून दोन गाड्या बदलून आलेलेही असतात. गाडी सुरू झाली की मागच्या बाकावरून कोणीतरी आवाज देतं, "हर बोला..." आणि सगळी गाडी उत्तर देते, "हर हर महादेव!" मीही त्याच गर्दीत उभा होतो. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता आवाजात आवाज मिसळत होता.

मोर्शी सुटली की दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागतात. मोर्शी-वरूडचा हा पट्टा साऱ्या देशाला संत्री पुरवतो आणि शिवरात्रीच्या दिवसांत मृग बहाराचं फळ तोडणीला आलेलं असतं. धुऱ्यावर क्रेट रचलेले, ट्रक लागलेले, झाडांखाली बाया फळं निवडत बसलेल्या. या हिरव्या पट्ट्याच्या पलीकडे, उत्तरेला, सातपुडा एकदम उठतो. वऱ्हाडचा माणूस पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या सपाट मातीवर राहतो. त्याच्या उत्तरेच्या क्षितिजावर मात्र कायम ही निळी रांग असते. नकाशात तिचं नाव गाविलगडचे डोंगर. बोलण्यात ती नुसती 'पहाड'. पाऊस पहाडातून येतो, नदी पहाडातून येते आणि महादेवही पहाडातच राहतो.

पाळा गाव मागे पडलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतो. जिथे माडू नदी सातपुड्यातून बाहेर पडून मोर्शीच्या सपाटीवर उतरते, त्या चिंचोळ्या दरीत सालबर्डी वसलं आहे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये या नदीचं नाव 'मारू' असं येतं. तिथेच गावाजवळच्या दोन झऱ्यांचीही नोंद आहे. एक थंडगार पाण्याचा, दुसरा कढत आणि गंधकाच्या वासाचा. नदीच्या पात्रात गोटे मोठे आणि गुळगुळीत. लोक आधी पाय धुतात, तोंडावर पाणी मारतात, लोटा भरून घेतात आणि मग चढाला लागतात.

गावाची एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात यायला वेळ लागतो. अर्धं सालबर्डी महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यात आहे आणि अर्धं मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात. यात्रेच्या बंदोबस्ताला दोन राज्यांचे पोलीस असतात. बोलणं मात्र एकच. एका दुकानदाराला मी विचारलं, तुमचं दुकान कोणत्या राज्यात? तो प्रसादाचे नारळ मोजत म्हणाला, "लाइट तिकडची हाये, गिऱ्हाईक इकडचं."

ही सीमा तशी नवीच आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत अमरावती, अकोला, बैतूल, छिंदवाडा आणि होशंगाबाद हे सगळे जिल्हे एकाच प्रांतात होते. राजधानी नागपूर आणि उन्हाळ्यातली राजधानी पचमढी. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली आणि सालबर्डीच्या मधून रेघ गेली. यात्रेकरूंच्या वाटा त्या रेघेच्या कितीतरी आधीच्या. म्हणूनच सालबर्डीचा विचार करताना पचमढी वगळता येत नाही.

चढावर भेटलेल्या अकोट तालुक्यातल्या एका आजीने हे मला फार सरळ शब्दांत सांगितलं. ती एका दगडावर टेकली होती, सोबतची सून पदराने वारा घालत होती. "जवान होतो तवा पचमढीले जात होतो," ती म्हणाली. "आता गुडघे चालू देत नाही. मंग इथंच येतो. देव त एकच हाये ना, बाप्पा. थो थोरला, हा धाकटा." आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

थोरला महादेव पचमढीचा, धाकटा सालबर्डीचा. दोघांना जोडणारी कथा चढावरच्या कोणालाही विचारा, तो सांगतो. भस्मासुराला वर मिळाला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल. त्याने तो हात वर देणाऱ्यावरच उगारला. महादेव पळाले, सालबर्डीच्या या गुहेत शिरले आणि आतल्या भुयाराने थेट पचमढीला निघाले. पुढे मोहिनीने नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावलं. गुहेतलं ते भुयार अजून आहे आणि ते पचमढीपर्यंत जातं, असं लोक सांगतात.

गुहेचं तोंड बुटकं आहे. बाहेर ऊन रखरखतं आणि आत पाऊल टाकताच तळव्यांना थंड, ओला दगड लागतो. माणसाला कमरेत वाकावं लागतं. पुढच्याच्या पाठीला हात लावून, भिंत चाचपत, रांग सरकते. घामाचा, कापराचा आणि चुरगळलेल्या बेलाचा वास एकत्र येतो. आत पिंडी, आणि तिच्यावर खडकातून झिरपणारं पाणी. पुजारी लोटा घ्यायला हात पुढे करतो, पण माणसांनी पाणी वाहण्याची या पिंडीला गरज नाही, डोंगर ते काम रात्रंदिवस करतोच. लोक वाहतात तरी, कारण नदीवरून इथपर्यंत तो लोटा न सांडता आणणं हीच त्यांची पूजा आहे. एका पोराने लोट्याच्या तोंडावर पळसाचं पान दोऱ्याने घट्ट बांधून आणलं होतं. त्याने ते सोडलं, पाणी ओतलं, आणि रिकामा लोटा कानाला लावून खरंच रिकामा झाला का ते पाहिलं.

भुयाराच्या गोष्टीकडे मी पूर्वी केवळ दंतकथा म्हणून पाहत असे. या मुलखात फिरलं की ती वेगळी दिसू लागते. इटारसीजवळ तिलकसिंदूर नावाचं शिवस्थान आहे. तिथेही भस्मासुर आहे, गुहा आहे आणि पचमढीला जाणारं भुयार आहे. सातपुड्याच्या दक्षिण अंगाला सालबर्डी, उत्तर अंगाला तिलकसिंदूर, आणि दोन्हीकडची भुयारं पचमढीकडे निघालेली. ज्या काळात या लोकांकडे छापील नकाशे नव्हते, त्या काळात त्यांनी आपल्या तीर्थाचा नकाशा असा गोष्टीतून जपला. भुयार जमिनीखाली असो वा नसो, जमिनीवरची वाट मात्र खरी आहे आणि आजही माणसं ती चालतात.

ती वाट अशी. वऱ्हाड-नागपूरकडचे पायी जाणारे छिंदवाडा जिल्ह्यातल्या जुन्नारदेवला पोचतात. तिथल्या शिवस्थानाला 'पहिली पायरी' म्हणतात. पचमढीच्या महादेवाची पहिली पायरी पचमढीच्या पायथ्याशी नसून इतकी दूर आहे, यातच या यात्रेचा आवाका कळतो. तिथून रानातून, ओढ्यांमधून भुराभगतपर्यंत. भुराभगत हा महादेवाचा परमभक्त, त्याचं दर्शन घेतल्यावाचून वर जायचं नाही. मग चौरागड. १,३०० मीटरांहून उंच या शिखरावर हजारावर पायऱ्या चढून जायचं, तेही खांद्यावर त्रिशूळ घेऊन. नवस फेडायचा तो त्रिशूळाने. कोणाचा वीतभर लांबीचा, तर कोणाचा दोन-चार जणांनी मिळून उचलावा एवढा. शिखरावर मंदिराभोवती अशा हजारो त्रिशुळांची रास लागलेली आहे. श्रावणात नागपंचमीच्या आसपास पचमढीच्याच डोंगरात नागद्वारची यात्रा असते. ती वाट आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे आणि वर्षातून मोजके दिवसच उघडते. भर पावसात, निसरड्या खडकांवरून, धुक्यातून हजारो माणसं जातात. त्यांत बहुसंख्य विदर्भातली. वाटेवर फराळ आणि जेवण देणारी सेवा मंडळंही बरीचशी इकडचीच.

इथे भूशास्त्राची एक गोष्ट सांगितली पाहिजे. वऱ्हाड म्हणजे काळा बेसॉल्ट, लाव्हाचा खडक. पण सालबर्डी, बहिरम, बेलखेड या भागात, गाविलगडच्या भ्रंशरेषेला लागून, लाव्हाच्या खालचे कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत. ते गोंडवाना गटाचे आहेत आणि भूशास्त्रज्ञ त्यांना सातपुडा गोंडवाना खोऱ्याचा भाग मानतात. पचमढीचे प्रसिद्ध वालुकाश्मही त्याच खोऱ्यातले. म्हणजे दोन महादेवांच्या डोंगरांत खडकाचं नातं आहे आणि मधल्या मोठ्या भागात ते लाव्हाखाली दडलेलं आहे. गंधकाचा कढत झराही अशा भ्रंशाच्या मुलखात नवलाचा नाही. याच परिसरातल्या लॅमेटा खडकांत अमरावतीच्या भूशास्त्रज्ञांना डायनासोरांच्या अंड्यांचे आणि टायटॅनोसॉर गटातल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले. लाव्हा पसरण्याच्या थोड्या आधीचा, साधारण ६.५ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा तो काळ. ज्या वाटेने आजी गुडघ्यावर हात टेकत चढते, त्या वाटेच्या आसपासचं हे धन आहे.

माणसांनीही या डोंगराला एकट्या महादेवाचा राहू दिलं नाही. सालबर्डीला लेणी आहेत, आणि इथल्या एका बौद्ध विहारातल्या भग्न बुद्धमूर्तीची नोंद जुन्या गॅझेटियरने केली आहे. झऱ्यांजवळ सीतेची कथा नांदते. रामाने त्यागलेली सीता इथे राहिली, इथेच लव जन्मला आणि वाल्मीकींनी कुश नावाच्या गवतापासून दुसरा बाळ घडवला, अशी. बाया तिथे थांबतात, हळदीकुंकू वाहतात आणि सीतेविषयी अशा बोलतात, जशी ती शेजारच्या गावात दिलेली लेक आहे.

महानुभावांसाठी तर सालबर्डी हे मोठंच स्थान. याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, गोविंदप्रभूंचं गाव. तिथे त्यांची भेट झाल्यानंतर चक्रधरस्वामी सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि १२ वर्षं तिथे राहिले, असं महानुभाव परंपरा सांगते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून रिद्धपूरलाच लीळाचरित्र सिद्ध केलं आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला. मराठी भाषा विद्यापीठासाठी शासनाने रिद्धपूर निवडलं त्याचं कारण हेच. त्या भाषेचा एक थोर बोलणारा सालबर्डीच्या डोंगरातून खाली उतरला होता, हे मराठी माणसाने तरी विसरू नये. यात्रेच्या गर्दीत काळ्या वस्त्रांतले महानुभाव साधू दिसतात. ते त्यांच्या स्थानाला नमन करतात, बाकीचे पिंडीकडे जातात, आणि चहाच्या टपरीवर दोघे एकाच बाकावर बसतात.

विसाव्या शतकात हा डोंगर आणखी एकाने गाजवला. यावलीत ३० एप्रिल १९०९ ला जन्मलेले तुकडोजी महाराज तरुणपणी रामटेक, रामदिघी आणि सालबर्डीच्या रानांत भटकले. १९३५ मध्ये त्यांनी सालबर्डीला महारुद्र यज्ञ केला. त्याला तीन लाखांहून अधिक लोक आले होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आजच्यासारखे रस्ते नसताना, बैलबंड्यांनी आणि पायी. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं आणि ते महिनाभर त्यांच्याजवळ राहिले. त्यानंतरचे तुकडोजी हातात खंजिरी घेऊन खेड्याच्या सफाईविषयी, शिक्षणाविषयी, एकजुटीविषयी गात राहिले. त्यांच्या ग्रामगीतेत यात्रा-मेळ्यांवर स्वतंत्र अध्यायच आहे.

आणि या सगळ्यांच्या आधीची माणसं? सालबर्डीपासून फार दूर नसलेल्या धारूळ गावाच्या डोंगरात अंबादेवीचं नैसर्गिक गुहेतलं ठाणं आहे. जानेवारी २००७ मध्ये अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना तिथल्या शैलाश्रयांत प्रागैतिहासिक चित्रं सापडली, आणि मग शोधत गेल्यावर असे कितीतरी शैलाश्रय निघाले. लोक अंबादेवीला पिढ्यानपिढ्या नवस बोलत होते. त्याच परिसरातल्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी प्राणी रंगवले होते. सातपुड्यातल्या कोरकूंची कथाही महादेवाशीच येऊन थांबते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनवलं. महादेवाने कावळ्याला पाठवून तांबड्या मातीचं वारूळ शोधायला लावलं आणि त्या मातीतून एक पुरुष आणि एक बाई घडवली. तेच कोरकूंचे आदिपूर्वज, मुला आणि मुलई. वऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी महादेव पहाडातला देव आहे. कोरकूंसाठी त्यांनाच घडवणारा तो.

वऱ्हाडभर हा पहाड असा खाली उतरतो. परतवाडा-बैतूल रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत बहिरमची यात्रा भरते. टेकडीवर शेंदराने माखलेला बहिरमबाबा, खाली राहुट्या आणि चुली. तिथे रोडगे पाहावेत. कणकेच्या लाट्यांना तेल लावून त्या एकावर एक ठेवायच्या, वरून कणकेचंच जाड आवरण द्यायचं आणि तो गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरचं कवच करपून टणक झालं की राख झटकून फोडायचा. आतले पदर वाफाळत सुटे होतात. त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी. नवसाला बकरा कापण्याची रीतही इथे होती. ती मोडावी म्हणून गाडगेबाबांनी इथे कीर्तनं केली.

अकोल्यात पहाड पाण्याच्या रूपाने येतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी शहरातली मंडळं गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि अठराएक किलोमीटर चालून राजराजेश्वराला घालतात. कावडींना शेकडो पितळी भरणे बांधलेले, खांद्यांना पट्टे, पायांना फोड, रस्ताभर ढोल. पूर्णा उगम पावते ती सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात भैसदेहीकडे. म्हणजे अकोल्याची पोरं रात्र जागून जे पाणी खांद्यावर आणतात, ते मुळात पहाडातून आलेलं असतं.

सालबर्डीहून उतरताना मन भरून आलेलं असतं आणि डोळ्यांना मात्र दुसरंच दिसतं. नदीच्या गोट्यांमध्ये पाण्याच्या बाटल्या, द्रोण, कापूर-उदबत्तीची वेष्टनं. गाडगेबाबा यात्रेत हातात खराटा घेऊन उभे राहत, त्यांच्याच जिल्ह्यात हे होऊ नये. ते ऋणमोचनच्या यात्रेपासून जे काम करत आले ते हेच होतं. घाट बांधा, धर्मशाळा बांधा, वाट झाडा. सालबर्डीला आज तेच हवं आहे. आणि ते एका राज्याने करून भागणार नाही, कारण वरून येणारं पाणी बैतूलमधून येतं आणि खाली मोर्शीत पोचतं. दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टरांनी यात्रेच्या महिनाभर आधी एकत्र बसावं. शौचालयं, पाणी आणि कचरा यांचं एकच नियोजन करावं. लेणी, जीवाश्मांच्या जागा आणि धारूळचे शैलाश्रय यांच्यासाठी एकच संरक्षण योजना आखावी. यात्रेकरूंनी पहाड कधी वाटून घेतला नाही, मग त्याची निगा वाटून का घ्यावी?

परतीच्या गाडीत अचलपूरकडचं एक टोळकं बसलं होतं, पाच-सहा शेतकरी आणि त्यांचा म्होरक्या. उपास असल्यामुळे साबुदाण्याच्या उसळीचा डबा आणि कवठाची चटणी फिरत होती. माझ्या हातावरही चटणी आली. म्होरक्याने खिशातून घडी पडलेली वही काढली. नागपंचमीला नागद्वारला जायचं, कोण कोण येणार त्यांची नावं लिहायला त्याने आत्तापासूनच घेतली होती. कापूस-सोयाबीनची पेरणी तोवर आटोपलेली असते, निंदणाच्या मधले चार दिवस मोकळे सापडतात, असा त्याचा हिशेब. टॉर्च, घोंगडी, काठी, औषधाच्या गोळ्या कोणी आणायच्या, तेही लिहिलेलं. "दादा, पायात दम हाये का?" त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि वहीत लिहून पुढच्या बाकावरच्याला हाक मारली, "एक वाढला रे, मोठी राहुटी सांगजो."